ठराव केला, पण वही कोणाची बघितली? गावच्या द्राक्ष बागायतदार मंडळींना खुलं पत्र

सगळ्या दादा, भाऊ, आण्णा मंडळींना नमस्कार.

परवा रात्री ग्रुपवर ठरावाचा फोटो पडला तेव्हा मी भाकरी टाकत होते. तवा उतरवला, हात पुसले आणि वाचला. यंदाच्या गोडी छाटणीपासून (फळासाठीची ऑक्टोबरची छाटणी) बाईला दिवसाला ३०० रुपये आणि गड्याला ४००, यापेक्षा जादा कोणी द्यायचं नाही, जादा देईल त्याला ५००० दंड आणि दंडाचे पैसे मंदिराच्या कामाला, आणि कोणी बाहेरून जादा दराने मजुरांची पिकअप भरून आणली तर ती फाट्यावरच अडवायची. खाली सह्या, त्याच्या खाली अंगठे, हात जोडलेले, एकाने तर फटाक्यांचं चित्र टाकलंय. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, कारण मी काही लिहिलं की "वहिनी, भाऊंना विचारून घ्या" असं उत्तर येतं हा माझा अनुभव आहे. भाऊ म्हणजे माझे मिस्टर, ते सातपूरला कंपनीत आहेत, तीन पाळ्यांत, त्यांना बागेतलं विचाराल तर ते मलाच फोन लावतील. बाग मी आणि सासूबाई बघतो. साडेतीन एकर, द्राक्षाच्या दोन जाती, दोन एकर थॉमसन आणि दीड एकर क्रिमसन, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते, गावाबाहेरच्यांनीही वाचलं तर वाचू दे, कारण असले ठराव काय फक्त आपल्याच गावात होत नाहीत.

मला हा ठराव मान्य नाही. का नाही ते सांगते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे सभामंडपात अडीच तास बसून तुम्ही जो दर ठरवला तो कशावरून ठरवला? सह्या करणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना मी विचारलं. एक म्हणे मागच्या वर्षी अमक्याने मजुरांची टोळी पळवली म्हणून, दुसरे म्हणे "शेजारच्या गावात एवढाच दर आहे म्हणतात". म्हणतात! औषधाची फवारणी करताना आपण मिलीलीटर मोजतो, पाण्याचा पीएच बघतो, २०१० ला सीसीसी या वाढ रोखायच्या औषधाचा अंश मालात निघाला म्हणून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले तेव्हापासून तर एकेका फवारणीची तारीख लिहून ठेवतो, आणि बागेचा एवढा मोठा खर्च जो मजुरीचा त्याचा निर्णय "म्हणतात" वर? एकाने तरी घरून वही आणली होती का?

माझ्याकडे वही आहे. सहा सिझनच्या वर झाले लिहितेय. काही हुशारी म्हणून सुरू केली नाही, मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्याशी, हजेरीवरून भांडण झालं होतं, तो म्हणे चौदा बाया होत्या, मी म्हणे बारा, शेवटी दोन हजेऱ्या जास्तीच्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पोराची अर्धी कोरी वही घेऊन रकाने पाडले. तारीख, काम कोणतं, हात किती, कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत, झाडं किती झाली, परत करायला किती लागली, दर काय दिला, आणि पैसे कोणत्या तारखेला दिले. हा शेवटचा रकाना सासूबाईंनी सुचवला. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण सगळ्यात कामाचा रकाना तोच निघाला.

ते असं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा माझा अर्ध्याच्या वर माल झाडावर होता. व्यापारी गायब, तुमचीही तीच गत होती, कोणी बेदाण्याला दिला, कोणी मातीमोल विकला. माझ्याकडून टोळीचे शेवटच्या दीड महिन्याचे पैसे जूनमध्ये गेले. पुढच्या वर्षी टोळी आली नाही. मी गावभर सांगत फिरले की मजूर माजलेत, जादा दराच्या मागे पळतात. मग एका रात्री वही चाळली तर माझा दर आणि ती टोळी जिथे गेली त्या बागेचा दर सारखाच होता, दहा रुपयाचा फरक नव्हता. फरक शेवटच्या रकान्यात होता. तिथे दर शनिवारी पैसे मिळत होते. तेव्हापासून मी शनिवारी संध्याकाळी पैसे देते, उसने काढून का होईना. ती टोळी फिरून आली, आणि आज माझ्याकडे थिनिंगला (घडातले जादा मणी कात्रीने काढायला) येणाऱ्या चौदा बायांपैकी अकरा जणी दरवर्षी त्याच असतात. "तुमच्याकडे कशा टिकतात हो वहिनी" असं विचारणारे बरेच जण त्या ठरावावर सही करून मोकळे झालेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता दुसरं, आणि हे मला जास्त टोचलंय. ठरावात नुसतं "बाई" लिहिलंय. कोणती बाई? गवत काढणारी, फेलफूट म्हणजे नको ती फूट काढणारी, काडीला पेस्ट लावणारी आणि थिनिंग करणारी सगळ्या एकाच भावात?

थिनिंग करताना कधी शांतपणे उभं राहून बघितलंय का कोणी? मोबाईलवर बोलत ओळीच्या टोकाला उभं राहणं नाही म्हणत मी. आपला ९ बाय ५ फुटांचा मांडव, एकरी ९६८ झाडं, झाडाला पस्तीस घड धरले तर एकरात ३३-३४ हजार घड होतात आणि प्रत्येक घडाला कात्री लागते. मणी तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा. घड डाव्या हातात देठाला धरायचा, मण्याला बोट घासलं की पुढे डाग दिसतो. वरच्या पाकळ्या ठेवायच्या, मधल्या एक सोडून एक काढायच्या, खालचं शेपूट मारायचं, मग आत वळलेले मणी कात्रीच्या टोकाने वेचून पाडायचे आणि शेवटी शंभर-सव्वाशे मणी राहिले पाहिजेत. मोजायला वेळ नसतो, ते नजरेत बसलेलं असतं. आणि हे सगळं मान वर करून, पाऊण मिनिटाच्या आत, दिवसभर. माझ्याकडे पेठ तालुक्यातली एक बाई येते, नाव लिहीत नाही, उगाच तिच्यावर तुमची नजर नको. ती घड हातात घेते तेव्हा आधी अर्धा क्षण नुसता फिरवून बघते. मी एकदा विचारलं काय बघते गं? म्हणाली, "वहिनी, हा पुढं कुठं फुगंल ते बघते." हे तुमच्या ३०० मध्ये बसतं का?

दोन वर्षांपूर्वी मीही शहाणपणा केला होता. क्रिमसनला नेहमीची टोळी ठेवली आणि थॉमसनला स्वस्तातली लावली, ३५० वाली, नेहमीच्या बायांना ४५० होते. वहीत काय निघालं बघा. नेहमीची बाई दिवसाला सरासरी १८ झाडं करत होती, म्हणजे झाडाला २५ रुपये पडले. स्वस्तातली बाई १२ झाडं, म्हणजे झाडाला २९ च्या वर. स्वस्त टोळी एकरी चार हजाराने महाग पडली, आणि हे नुसतं मजुरीचं बोलतेय. घड आत घट्ट राहिले, जानेवारीत मणी दाबले जाऊन आतल्या आत फुटले, वरून बघाल तर माल एक नंबर आणि उचलून बघितलं की आंबूस वास. एक्स्पोर्टवाल्याने दोन क्रेट उघडले आणि गाडी परत नेली. त्याची चूक नव्हती. त्या बिचाऱ्या बायांचीही नव्हती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, त्या कांदा लागवडीतून थेट बागेत आल्या होत्या. चूक माझी, मी हजेरीचा दर बघितला, झाडाचा दर बघितला नाही. आता सगळ्या गावाने मिळून तीच चूक ठराव करून करायची ठरवलीय.

पेस्टचंही सांगते. छाटणीनंतर डोळे फुटायला आपण जे हायड्रोजन सायनामाईड लावतो ते अंगावर पडलं की कातडी जळते, आणि त्या दिवशी दारू पोटात असेल तर माणूस तोंड लाल होऊन धापा टाकत खाली बसतो, हे काही आपल्याला नवीन नाही. त्या कामाला वेगळा दर नको? हातमोजे कोणी द्यायचे, ठरावात एक ओळ आहे का? नाही. दंडाच्या मात्र तीन ओळी आहेत.

तिसरं बाई आणि गडी यांच्यातले शंभर रुपये. थिनिंग तर गडी करतच नाहीत जवळपास, आणि डिपिंगला दोघं शेजारी शेजारी उभे राहून जीएच्या (मणी फुगवायच्या औषधाच्या) मगात घड बुडवतात, एकाच ओळीत. समान कामाला समान पगार हे १९७६ पासून कायद्यात आहे. आपण लेखी पुरावा तयार केलाय, वर सह्या करून तो ग्रुपवर टाकलाय, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही याचं मला नवल वाटतं. शिवाय रोजगार हमीचा दर राज्यात २०२५-२६ ला ३१२ रुपये होता. म्हणजे घराजवळ बांध घालायला ३१२ आणि पहाटे साडेचारला उठून, भाकरी बांधून, पिकअपमध्ये वीस जणींत उभं राहून आपल्याकडे यायचं तर ३००. कोण येईल? नाशकात बिल्डिंगची कामं आहेत, कुंभमेळ्याची कामं आहेत, कंपन्या आहेत, गिरणाऱ्याला सकाळी नाक्यावर उभं राहिलं की टमाट्यावाला घेऊन जातो. त्यांच्यापुढे चार रस्ते आहेत, आपल्या झाडाला मात्र थिनिंगचे तेवढेच आठ-दहा दिवस असतात. मणी फुगायचा थांबत नाही आपला ठराव बघून.

चौथी गोष्ट कोणी बोलत नाही ती मुकादमाची. मागच्या डिसेंबरात दुपारच्या सुट्टीत मी बायांजवळ जेवायला बसले, त्यांच्या नागलीच्या भाकरीबरोबर खुरासणीची चटणी होती, ती मला फार आवडते म्हणून मी माझी भाजी देऊन घेते. बोलता बोलता कळलं की मी ४५० देते त्यातले त्यांच्या हातात ३६० पडतात. गाडीभाडं, मुकादमाचं, आणि पावसाळ्यात घेतलेली उचल. गाडीभाडं समजू शकते, पण बाकीचं कोणी कुठे लिहिलेलं नाही, बाईला विचारलं तुझी उचल किती फिटली तर ती म्हणते "मुकादमाला माहीत". आपण इकडे बोंबलतो की ४५० देऊनही मजूर टिकत नाही. अहो तिच्या दृष्टीने तुम्ही ३६० च देताय! आता ३०० ठरवल्यावर तिच्या हातात काय पडेल याचा हिशोब करा, मी इथे लिहीत नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. भाव नाही, २०२३ च्या नोव्हेंबरात गारपिटीने निफाड पट्टा झोपवला, बांगलादेश ड्युटी वाढवतो, औषधं महाग, बँक दारात. सगळं खरंय, माझ्यावरही कर्ज आहे, सोसायटीचं वेगळं आणि सोनं ठेवून काढलेलं वेगळं. पण मग एक सांगा, लासलगाव-पिंपळगावला व्यापारी रिंग करून भाव पाडतात तेव्हा आपण काय करतो? लिलाव बंद पाडतो, रस्त्यावर बसतो. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं तेव्हा याच ग्रुपवर किती मेसेज होते. खरेदीदारांनी एकत्र बसून आपल्या मालाचा भाव ठरवणं ही लूट, आणि आपण एकत्र बसून दुसऱ्याच्या घामाचा भाव ठरवला तर तो ठराव? २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला, सोलवटलेले तळपाय टीव्हीवर बघून आपल्या घरातल्या बायकांच्या डोळ्याला पाणी आलं होतं. पेठ-सुरगाण्याच्या त्याच गावांमधली माणसं नोव्हेंबरात आपल्या मांडवाखाली असतात. तेव्हा आपण "बळीराजा" म्हणत होतो, आता "लेबर" म्हणतो. जाऊ दे, हे जरा भाषणासारखं झालं.

आता मागण्या. साध्या आहेत, कोणाला कमी लेखायचं नाही.

ठराव मागे घ्या, लेखी, आणि जसा ग्रुपवर टाकला तसाच मागे घेतल्याचाही टाका. पिकअप अडवायची भाषा तर आजच बंद करा, उद्या कोणी पोरगं दगड उचलेल आणि मग सगळेच म्हणतील आम्ही नव्हतो.

बाई-गडी असा दर नको, कामाचा दर ठेवा. खरड छाटणी, गोडी छाटणी, पेस्ट, फेलफूट, डिपिंग, थिनिंग, पेपर लावणं, प्रत्येकाचा वेगळा, आणि ज्याला चार-पाच सिझनचा हात आहे त्याला वरचा.

आणि तो दर ठरवायला आधी आकडे गोळा करू. दसऱ्याच्या आत प्रत्येकाने मागच्या दोन सिझनचं, जेवढं आठवतंय आणि लिहिलंय तेवढं द्यावं. काम, हजेरीने की उक्तं, दर, दिवसाला झाडं किती, गाडीभाडं कोणाकडे, पैसे किती दिवसांनी दिले, आणि टोळी पुढच्या वर्षी परत आली का. बागायतदाराचं नाव नको, मजुराचं तर अजिबात नको, नाहीतर उद्या हीच यादी "हिला कामावर घेऊ नका" म्हणून फिरेल. सरकारकडे हे आकडे मिळणार नाहीत, मी मुलीला शोधायला लावलं. सिमल्याचं लेबर ब्युरो दर महिन्याला खेड्यातल्या मजुरीचे दर काढतं, पंचवीस प्रकारची कामं आहेत त्यात, पण थिनिंगवाली बाई आणि नर्सरीत पिशव्या भरणारी बाई बहुतेक एकाच रकान्यात जाते. आपलं आपल्यालाच लिहावं लागेल.

पण एक अट आहे माझी, आणि ही नसेल तर माझी वही मी देणार नाही. जो तक्ता तयार होईल तो फक्त आपल्या ग्रुपवर राहणार नाही. तो छापून टोळ्यांच्या गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, जिथून आपल्याकडे माणसं येतात त्या प्रत्येक गावात, आणि मुकादमाचा वाटा त्यात वेगळा लिहिलेला पाहिजे. नाहीतर आकडे गोळा करून आपण पुन्हा रिंगच करू, फक्त जास्त हुशारीने. बाईला पिकअपमध्ये चढायच्या आधी कळलं पाहिजे की कुठल्या कामाला काय मिळतं, कोण शनिवारी देतो आणि कोण माल विकल्यावर देतो. मी स्वतः माझं नाव घालून लावायला तयार आहे, २०२० चं सुद्धा.

पैसे आठवड्याला, आणि प्रत्येकीच्या हातात हजेरीचं कार्ड, ज्यावर उचल किती आणि फिटली किती ते लिहिलेलं. दोन रुपयाचं कार्ड आहे ते.

आणखी एक, मजुरीशी थेट नाही पण खरं दुखणं तिथेच आहे. आपण सगळे एकाच आठवड्यात छाटतो आणि मग सगळ्यांना एकाच आठवड्यात टोळी पाहिजे असते, मध्येच त्यांची भातकापणी येते, दिवाळी येते, आणि आपण फोनवर शिव्या घालतो. बागलाणात अर्ली छाटण्या आपल्या आधी कितीतरी उरकलेल्या असतात. ऑक्टोबरच्या छाटणीच्या तारखा आधी एका कागदावर मांडल्या, चार-पाच दिवसांचं अंतर ठेवलं, तर एकाच टोळीला गावातल्या गावात सलग दोन महिने काम देता येईल. सलग काम मिळतंय म्हटल्यावर दहा-वीस रुपयांसाठी कोणी गाव सोडत नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी वही घेऊन मारुतीच्या पारावर बसते. सभामंडपात नाही, पारावर, कारण तिथे बायकांनाही येता येतं. ज्यांना आकडे बघायचे त्यांनी बघावेत, चूक निघाली तर सांगावी, माझी बेरीज काही देवाची नाही. पोरीने मोबाईलवर तक्ता बनवलाय, तो भरायला ती बसेल.

आणि तोपर्यंत ठराव तसाच राहिला तर आत्ताच सांगून ठेवते, मी यंदा थिनिंगला ४८० देणार आहे, बाई-गडी न बघता, गाडीभाडं वेगळं. ५००० दंड भरायला मी स्वतः येईन. फक्त पावती पक्की द्या, ज्यांनी दंड ठरवला त्यांच्या सहीची, आणि कशाबद्दल घेतला ते त्यावर स्पष्ट लिहा. मला ती वहीत लावायची आहे.

आपली,
खालच्या मळ्यातली साडेतीन एकरवाली